चादरींच्या मैदानातले सिंहासन

मी एक जुने सिंहासन आहे. नाव ऐकून दचकू नका, मित्रांनो. माझ्यावर खरा राजा एकदाही बसलेला नाही. माझे सोने म्हणजे पितळी रंगाचा एक डबा आणि माझी रत्ने म्हणजे फुटक्या बांगड्यांच्या काचा. माझ्या दोन्ही हातांवर सिंह कोरलेले आहेत, पण उजवा सिंह थेट मांजरासारखा दिसतो. सुताराने तेव्हाच प्रामाणिकपणे सांगितले होते की, सिंह काही त्याने पाहिलेला नाही. मांजर मात्र घरी आहे.

तो सुतार माझा जन्मदाता. देव त्याचे भले करो. एक जुनी शाळा पाडली, तेव्हा तिच्या दारांच्या फळ्या त्याने मागून आणल्या आणि त्यांतून मला घडवले. कधीकधी मला वाटते, मुलांचा गलबला ऐकण्याची माझ्या लाकडाला तेव्हापासूनच सवय असावी. माझे माप घ्यायला त्याने लोकनाट्याच्या मंडळीतल्या राजालाच बोलावले. हा राजा दिवसा बेकरीत पाव भाजायचा आणि त्यातले बरेचसे स्वतःच संपवायचा. तो फळीवर बसला आणि सुताराने त्याच्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढली. शेजारी उभी असलेली आक्का म्हणाली, "जरा जागा सोडा बरं का. आमचा राजा अजून वाढतोय."

आक्का ही मंडळीची प्रमुख. वयाने मोठी माणसेही तिला आक्काच म्हणत. तिचा एक नेम होता. सकाळी चहाचा घोट घेण्याआधी ती मला ओल्या फडक्याने पुसायची, मग डोळे मिटून कुणातरी एका माणसाबद्दल देवाचे आभार मानायची. कधी दूधवाल्याबद्दल, कधी भांडून गेलेल्या शेजारणीबद्दलसुद्धा. ताप असो, पाहुणे असोत, हा नेम चुकला नाही. अशा हातांनी पुसले जाणे हे माझे भाग्यच म्हणायचे.

आमच्या खेळांत राजा असायचा, गाऱ्हाणे घेऊन येणारी माणसे असायची आणि एक विदूषक असायचा. विदूषकाचे काम एक शिंपी करत असे. त्याला सगळे गुदगुल्या म्हणत. या खेळांना वाडवडिलांपासून चालत आलेली एक रीत होती. कुणी गाऱ्हाणे सांगायला लागले, की ते "झालं माझं" असे म्हणेपर्यंत राजाने सिंहासनावरून उठायचे नाही. त्याला जांभई आली तरी चालेल, राग आला तरी चालेल, पण उठायचे नाही. राजा चुळबुळ करू लागला, तर मागे उभा असलेला विदूषक त्याचा खांदा दाबून धरी. एकदा गाऱ्हाणे सांगणारी बाई आपले वाक्य विसरली आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने आत निघून गेली. बिचारा बेकरीवाला तसाच बसून राहिला. प्रेक्षक हसून हसून बेजार झाले. शेवटी तो ओरडला, "अगं बाई, पाणी पी, जेव, झोप काढ, पण आधी झालं म्हण!"

ते दिवस भरल्या घरासारखे होते. पुढे बेकरीवाला देवाघरी गेला. लोकांना घरबसल्या पडद्यावर राजे दिसू लागले. मंडळी पांगली आणि मी गल्लीतल्या एका लाँड्रीच्या शेडमध्ये जाऊन पडलो.

'पडलो' म्हणालो खरा, पण तक्रार म्हणून नाही. ही लाँड्री एका मावशीची होती. दवाखान्यांच्या आणि लॉजच्या चादरी तिच्याकडे धुवायला येत. इस्त्री केलेल्या चादरींची चवड ती माझ्यावर रचायची. थंडीच्या दिवसांत त्या ऊबदार चादरी अंगावर घेऊन मी बसायचो, तेव्हा मला वाटायचे, कुठल्या राजाला एवढे सुख मिळत असेल? आक्का अजूनही रोज सकाळी यायची. चादरी बाजूला करून मला पुसायची. मावशी तिला म्हणायची, "माझ्या चादरी घडी मोडून घेतात तुझ्या नेमापायी." आणि म्हणता म्हणता तिच्यासाठी चहा ठेवायची.

शेडच्या मागे मोठे मैदान होते. मैदानभर बांबू रोवलेले आणि बांबूंना दोऱ्या बांधलेल्या. आमच्या गल्लीतली बहुतेक घरे कपडे धुण्यावर चालत. सकाळी सगळ्यांच्या चादरी त्या मैदानात वाळत पडत, आणि वारा आला की सगळे मैदान श्वास घेतल्यासारखे फुगायचे.

एके दिवशी बातमी आली की, नगरपालिका शहराचा पुढच्या दहा वर्षांचा आराखडा करते आहे. कुठे रस्ता, कुठे दवाखाना, कुठे बाग, सगळे ठरणार. नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लागला. गल्लीतली मंडळी बघून आली आणि त्यांचे चेहरे उतरले. आमच्या मैदानाच्या जागी लिहिले होते, 'रिकामी जागा. ट्रक उभे करण्यासाठी राखीव.'

घडले होते असे. मोजणीची माणसे आली, तो आमच्या गल्लीचा आठवड्याच्या सुट्टीचा दिवस होता. त्या दिवशी कपडे नसतात. दोऱ्यासुद्धा सोडून साबणाच्या पाण्यात भिजत घातलेल्या असतात, म्हणजे पांढऱ्या चादरींवर मळाचा डाग उठत नाही. मोजणीवाल्यांना दिसले मैदान आणि काही बांबू. त्यांनी दिसले तसे लिहिले.

हरकती ऐकायला कार्यालयात सभा भरली. मावशी तिथे काय बोलायचे ते चार दिवस चादरी घासता घासता पाठ करत होती. मी शेडमधून सगळे ऐकत होतो. मलाही ते पाठ झाले होते. सभेत तिचे नाव पुकारले. माइक हातात आला, कर्कश ओरडला, समोरच्या टेबलामागची सगळी माणसे तिच्याकडे बघू लागली. मावशी म्हणाली, "नमस्कार. सगळे बरे आहात ना?" आणि खाली बसली. नगररचनेचे साहेब म्हणाले, "आणखी कुणाची काही हरकत?" लगेच पुढचा विषय सुरू झाला.

त्या संध्याकाळी मावशीकडून हे ऐकून गल्ली खूप हसली. दुसऱ्या दिवशी कुणी हसले नाही. मावशी शेडमध्ये एकटीच उभी राहून म्हणाली, "मैदान गेलं तर ओल्या चादरी घेऊन मी कुठे जाऊ? सुनेच्या खोलीत वाळत घालू?" ते ऐकून माझ्या लाकडात कळ आली. तिच्या मुलाचे नुकतेच लग्न झाले होते. सगळे घर त्या दोऱ्यांवर उभे होते.

आक्का नेहमीप्रमाणे आली. मला पुसले, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाली, "मावशी, तू घाबरट नाहीस. तू तालीम न करता गेलीस, एवढंच झालं."

"चार दिवस घोकत होते की गं!"

"चादरींसमोर. चादर कधी 'मुद्द्यावर या' म्हणते का? आमचे नट तालमीशिवाय शिंकतसुद्धा नाहीत." मग तिने माझ्या पाठीवर थाप मारली. "याला बाहेर काढा. बघू या, आपल्याला काय येतं ते."

कितीतरी वर्षांनी मी उजेडात आलो, मित्रांनो. मैदानाच्या कडेला, शेडच्या सावलीत मला ठेवले. रोज संध्याकाळी काम आटोपले की गल्ली जमायची. गल्लीतले न्हावीकाका साहेब व्हायचे. अंगात कुणाचातरी कोट, खिशाला पेन. पेनाचे झाकण उघडायचे, लावायचे, घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "मुद्द्यावर या!" मागे गुदगुल्या उभा. पहिल्या दिवशी हसण्यापलीकडे काही झाले नाही. पण हळूहळू एकेक बाई बोलू लागली. काकांनी दटावले की थांबायची, पुन्हा धीर करायची. रीत तीच होती. ती "झालं" म्हणेपर्यंत काकांना उठता येत नसे.

मग आक्काने आणखी एक गंमत केली. तिने सगळी वस्ती मैदानात मांडली. चादर म्हणजे घरांची रांग. दोरी म्हणजे रस्ता. बादली म्हणजे नळ. इस्त्री म्हणजे दवाखाना. "भिंतीवरचा नकाशा आपल्याला वाचता येत नाही ना? मग याच्यावरून चाला," ती म्हणाली. आणि काय सांगू! कागदासमोर गप्प बसणारी माणसे पायाखाली वस्ती आल्यावर भांडायला लागली.

"माझं घर बादलीच्या अलीकडे कसं? मी एवढं लांबून पाणी आणते ते काय हौसेनं?"

"इस्त्री इथे ठेवली, तर माझी सासू दवाखान्यात पोचेपर्यंत बरी होईल."

"मग चांगलंच आहे की!" गुदगुल्या म्हणाला आणि एक ओले फडके त्याच्या डोक्यावर येऊन बसले.

एका संध्याकाळी गर्दीतून एक ट्रक ड्रायव्हर पुढे आला. तो आमच्याच गल्लीत राहायचा. म्हणाला, "सगळ्यांचं ऐकताय. माझं कोण ऐकणार?"

"तू तर ट्रकच्या बाजूचा," कुणीतरी म्हणाले.

"मग? ट्रकवर पोट आहे माझं. बाजू मोडू काय ट्रकची?"

आक्काने शांतपणे न्हावीकाकांना उठवले आणि मावशीला माझ्यावर बसवले. मावशी कुरकुरली, पण बसली. ड्रायव्हर तिच्यासमोर उभा राहिला. आधी मोठ्या आवाजात बोलत होता, मग त्याचा आवाज खाली आला.

"मावशी, आम्ही ट्रक गल्लीत लावतो, कारण दुसरी जागाच नाही. पोरं ट्रकांमधून पळतात. माझ्या मुलीच्या पायाला लागलं, ते माझ्याच ट्रकचं. देवानं वाचवली. तेव्हापासून रोज सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी मी वाकून सगळ्या चाकांखाली बघतो. मला ट्रकतळ पाहिजे तो हौसेनं नाही." आणि मग अगदी हळू म्हणाला, "झालं माझं."

मावशीचा हात माझ्या मांजरतोंड्या सिंहावर घट्ट आवळला होता. उठायला मोकळी झाली, तरी ती उठली नाही. मग म्हणाली, "ट्रकला जागा पाहिजेच. चला, शोधू या."

त्या दिवसापासून 'आम्हाला नको' हे वाक्य तालमीतून गेले. सगळी गल्ली चादरींच्या वस्तीतून हिंडू लागली. वस्तीच्या टोकाला बंद पडलेली वीटभट्टी होती. तिचे अंगण मोठे आणि मागच्या रस्त्याला लागून. फक्त त्या रस्त्यावरची मोरी, म्हणजे पाण्यावरचा छोटा पूल, खचलेली होती, म्हणून तिकडून कुणी जात नसे. मोरीच्या जागी त्यांनी एक परात पालथी घातली. ड्रायव्हर परातीभोवती फिरून म्हणाला, "ही बांधली की आमचे सगळे ट्रक तिकडे मावतील. गल्लीत एकही शिरणार नाही."

आराखडा पक्का होण्याआधी नगररचनेचे साहेब जागा पाहायला येणार असे कळले. सभेत मावशीला हरकत विचारणारे तेच साहेब, पण त्या दिवशी भीतीने तिच्या लक्षात एकही चेहरा राहिला नव्हता आणि बाकीची गल्ली कामावर होती. साहेब संध्याकाळी यायचे होते. नेमका त्याच दिवशी न्हावीकाकांचा घसा बसला. आक्का म्हणाली, "दुसऱ्या वस्तीतल्या मंडळीचा एक नट घेऊन येते. अनोळखी तोंडासमोर दुपारी एक शेवटची तालीम करा." आणि ती त्याला आणायला गेली.

दुपारी उन्हातून एक माणूस एकटाच चालत आला. घामाघूम झालेला. सावलीत दुसरे काही बसायला नव्हते, म्हणून तो माझ्यावर बसला. मला लगेच शंका आली. नट बसतो तो उठण्याच्या तयारीने बसतो. हा माणूस खरोखर दमला होता. पण मी सांगणार कसा?

मावशी ओल्या चादरींची टोपली कमरेवर घेऊन आली. "आलात का? बरं झालं. पण असे पाय पसरून काय बसलात? साहेब असे बसतात का?"

तो गोंधळला. "मग कसे बसतात?"

"ताठ. आणि पेनाचं झाकण उघडबंद करा."

त्याने खिशातले पेन काढले आणि तसे केले. गुदगुल्या मागे येऊन उभा राहिला. "अधूनमधून घड्याळ बघा. वा! अहो, याला म्हणतात नट. बघा, चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नाही!"

गल्ली जमली आणि मावशीने सुरुवात केली. इतकी छान ती कधीच बोलली नव्हती. मैदान, दोऱ्या, पावसाळ्यातली तारांबळ, दवाखान्याची घाई, सगळे तिने सांगितले. वर म्हणाली, "आणि तुम्ही लोक टेबलामागून असे बघता की माणूस स्वतःचं नाव विसरतो." गल्लीने टाळ्या वाजवल्या. तो माणूस ऐकत होता. झाकण उघडबंद करायचे विसरला होता.

"आणि ट्रकवाल्यांनी काय करायचं?" त्याने विचारले.

ड्रायव्हर पुढे झाला आणि वीटभट्टीचे सांगितले.

"तिथली मोरी तपासली का कुणी?"

"तपासली की. परातीची आहे," गुदगुल्या म्हणाला आणि सगळे हसले. तो माणूसही हसला.

इतक्यात एक शिपाई धापा टाकत आला. त्याच्या काखेत नकाशाची गुंडाळी होती. "साहेब! इथे बसलात होय? गल्लीच्या तोंडाशी ट्रकांमध्ये गाडी अडकली आपली. वेळेच्या आधी निघालो, तरी ही गत."

"शिपाईसुद्धा झकास आणलाय!" गुदगुल्या कौतुकाने म्हणाला. मग शिपायाने नकाशा उलगडला. त्यावर नगरपालिकेचा शिक्का होता.

साहेब संकोचून उठू लागले. सवयीने गुदगुल्याचा हात त्यांच्या खांद्यावर पडला, आणि भान येताच त्याने चटका बसल्यासारखा तो मागे घेतला. त्याच वेळी आक्का खऱ्या नटाला घेऊन पोहोचली. काय झाले ते तिला एका नजरेत कळले. ती हळू आवाजात म्हणाली, "साहेब, आमच्यात बोलणारीचं झाल्याशिवाय उठत नाहीत. पण तुम्हाला घाई असेल, तर आमचा आग्रह नाही."

साहेब पुन्हा टेकले. "घाई नाही. बोला, मावशी."

आणि मावशीचा आवाज गेला. सभेतलीच ती वेळ पुन्हा आली होती. मैदान जाणार की राहणार, ते आता तिच्या बोलण्यावर होते. मी देवाला म्हणालो, लाकडाची प्रार्थना ऐकत असशील तर ऐक.

मावशीने खाली वाकून टोपलीतली एक ओली चादर उचलली. हातांना काही काम हवे, म्हणून असेल. ड्रायव्हरने काही न बोलता चादरीचे दुसरे टोक धरले. दोघांनी पीळ द्यायला सुरुवात केली. पाणी खाली पडू लागले. आणि पिळता पिळता, साहेबांकडे न बघता मावशी बोलू लागली. हे तिने पाठ केलेले नव्हते.

"साहेब, तुमची माणसं आली तेव्हा आमची सुट्टी होती. दोऱ्या भिजत होत्या. त्यांना मैदान रिकामं दिसलं, त्यात त्यांची चूक नाही. आम्हीपण सांगायला गेलो नाही. पण रिकामी जागा वेगळी आणि सुट्टीवरची जागा वेगळी. आज आमची सुट्टी नाही. आत येऊन बघा. झालं माझं."

साहेब उठले आणि चादरींच्या रांगांत शिरले. बराच वेळ आम्हाला फक्त त्यांचे बूट दिसत होते. परत आले, तेव्हा कोट ओला होता आणि खांद्याला निळीचा डाग लागला होता. ते खोटे बोलले नाहीत. म्हणाले, "मी एकटा ठरवू शकत नाही. पण आराखड्याच्या समितीला इथेच घेऊन येतो. हे कागदावर सांगून कळायचं नाही."

आणि त्यांनी आणले. समितीची माणसे बूट काढून चादरींच्या वस्तीतून चालली. एकेकजण माझ्यावर बसला, एकेकाने ऐकले. अंतिम नकाशात आमच्या मैदानावर लिहिले आहे, 'कपडे वाळवण्याची जागा.' मोरी बांधली गेली. ट्रक वीटभट्टीच्या अंगणात गेले आणि ड्रायव्हरची मुलगी आता गल्लीत लंगडी खेळते. सगळेच मिळाले असे नाही. मैदानाची एक कड पायवाटेसाठी गेली. मावशी अजून तिथून जाताना पुटपुटते, पण त्याच पायवाटेने सुनेला घेऊन दवाखान्यात जाते. सून गरोदर आहे.

आता दुसऱ्या वस्त्याही मला बोलावतात. कुठे शाळेचा आराखडा, कुठे पाण्याचा, कुठे बाजाराचा. ड्रायव्हर मला त्याच्या ट्रकमधून नेतो आणि वाटेत खड्डा आला की माझी माफी मागतो. माझा एक पाय डुगडुगतो, रंग उडाला आहे. तरी या म्हातारपणात मी जितका कामी आलो, तितका तरुणपणी आलो नव्हतो. ज्याने मला घडवले, ज्यांनी बसवले, ज्यांनी अडगळीतसुद्धा ऊब दिली, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

मित्रांनो, आराखडा दहा वर्षांचा असतो. हा संपेल आणि नवा करायला घेतील, तेव्हा तुम्ही मोठे झालेले असाल. तुमच्यातले कुणी टेबलासमोर उभे असेल, कुणी टेबलामागे बसलेले असेल. तोवर मला वाळवी लागू देऊ नका, ओलीत ठेवू नका. आणि मी नसलोच, तर जी खुर्ची तुमच्या वाट्याला येईल तिच्यावर बसून एवढेच करा. "कुणाची काही हरकत?" असे विचारल्यावर लगेच पुढच्या विषयाकडे वळू नका. पिळलेली चादर दोरीवर टाकली की तिच्या टोकाशी एक थेंब बराच वेळ लोंबत राहतो. तो पडेपर्यंत तरी थांबा. कुणीतरी बोलायच्या बेतात असेल.